ड्रायव्हर उपलब्ध नाही

ढोकेकाकांना स्वतःची स्कूटर मागे घेता येत नाही. हातपाय धड आहेत, नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि उभा जन्म एसटीची बस चालवण्यात गेलेला आहे. पण फाटकातून स्कूटर मागे काढायची वेळ आली, की ते रस्त्यावरच्या पहिल्या दिसेल त्या माणसाला हाक मारतात. त्या माणसानं मागे उभं राहायचं, भिंतीवर दोनदा थाप मारायची आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं. थाप ऐकू आल्याशिवाय चाक हलत नाही. दूधवाल्यानं ही सेवा बजावली आहे, कुरियरवाल्यानं बजावली आहे, मतदार यादी तपासायला आलेल्या एका बाईंनीसुद्धा बजावली आहे. मी शेजारीण असल्यामुळे रोजच बजावते. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून मी लांबूनच म्हटलं, "काका, मागं कोणी नाही. या बिनधास्त."

स्कूटर जागची हलली नाही.

"मागं कोनी नाई, हे सांगाले तरी मागं कोनी पाह्यजे ना बाई?"

मी गेले आणि थाप मारली.

अकोल्यात आमच्या कॉलनीत भास्करराव ढोके हे नाव सांगितलं तर कोणी ओळखणार नाही. "नियमवाले काका" म्हटलं, की पोरंसोरंसुद्धा घर दाखवतात. "नियम दाखवा" हे त्यांचं आवडतं वाक्य. बँकेत खिडकी पाच मिनिटं आधी बंद झाली, की नियम दाखवा. नळाला पाणी एक दिवस उशिरा आलं, नियम दाखवा. मागच्या वर्षी समोरच्यांच्या मुलीच्या लग्नात लोक जेवणाच्या टेबलाकडे उजव्या बाजूनं जात होते. काकांनी रांगेच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही हात पसरले आणि "आपल्या देशात वाहतूक डावीकडून चालते" असं सांगून नवरदेवाच्या मामासकट अख्खी रांग फिरवली. पहिल्यांदा गुलाबजाम, मग भाजी, शेवटी ताट, अशा क्रमानं त्या दिवशी लोक जेवले.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घरात काका एकटेच. पण बुधवारी दुपारी त्या घरातून असा आवाज यायचा की जणू आत चार सुतार पत्र्यावर खिळे ठोकतायत. ठक ठक ठक, घर्र, परत ठक ठक ठक. ते होतं काकांचं ठिपक्यांचं मशीन.

हे मशीन ब्रेलचं. संगणकावर मराठीत टाइप करायचं, आणि मशीन जाड कागदावर उठावदार ठिपके पाडून देतं. आंधळ्या माणसानं बोट फिरवून ते वाचायचं. निवृत्तीनंतर काका काही वर्षं एका अंधशाळेच्या मुलांची गाडी हौसेनं चालवायचे. शाळेला नवं मशीन मिळालं तेव्हा जुनं काकांना देऊन टाकलं, आणि ते चालवायचं कसं हे तिथल्या एका शिक्षिकेनं त्यांना शिकवलं.

आणि हे सगळं इस्माईलभाईंसाठी. इस्माईलभाई म्हणजे काकांचे कंडक्टर. अकोल्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाडीवर दोघांनी बावीस वर्षं एकत्र काढली. घाटात धुकं उतरलं, की इस्माईलभाई खाली उतरून बॅटरी घेऊन गाडीपुढे चालायचे आणि काका त्या उजेडामागे गाडी काढायचे. आता इस्माईलभाई बाळापूरला मुलाकडे असतात, आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले आहेत. डोळे गेले तेव्हा काकांनीच त्यांना हाताला धरून अंधशाळेत ब्रेल शिकायला बसवलं. तेव्हापासून बुधवारी मशीन वाजतं आणि गुरुवारी सकाळच्या बसनं काका बाळापूरला जातात. कागदांवर आठवड्याचा वृत्तांत असतो. सुरुवात नेहमी एकच: "प्रवाशांनी नोंद घ्यावी." मग कोणती गाडी उशिरा सुटली, कोणत्या नव्या ड्रायव्हरनं वळणावर गिअर चुकवला, कुठला पूल उखडला, कोण वारलं, आणि जगात एकूण कायकाय नियमाला सोडून चाललंय.

तर अशा या व्यवस्थित चाललेल्या गाडीला आडवी आली ती संगणकाची नवी सिस्टीम.

पहिल्यांदा पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन यायला लागला. तुमची सिस्टीम जुनी झाली, आता नवी घ्या. खाली दोन बटणं: 'आता' आणि 'नंतर'. काका तीन महिने 'नंतर' दाबत राहिले. 'नको' असं बटणच नव्हतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खटकलेलं होतं.

"आपल्या घरी पाहुना आला आन् म्हने, मी आता येऊ का मंग येऊ? अरे, येऊच नको म्हनाची सोय ठेव ना बाप्पा!"

शेवटी एका सकाळी, वृत्तांत अर्धा टाइप झालेला असताना, चौकोन पुन्हा आला. काकांच्या सहनशक्तीचा ब्रेक निकामी झाला. "घे, काय कराचं ते कर," म्हणून त्यांनी 'आता' दाबलं. संगणक तासभर घुमला, दोनदा विझला, दोनदा पेटला. मग पडदा असा चकाचक झाला की काकांनी क्षणभर कौतुकानं पाहिलं. वृत्तांत पूर्ण केला. छापायची आज्ञा दिली.

मशीन ढिम्म.

शाळेतल्या संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मी शिकवते मराठी, पण किल्लीमुळे कॉलनीला मी इंजिनीअर वाटते. काकांनी मला बोलावलं. मी मशीनची ती जाड, दोन स्क्रूंची वायर काढून परत लावली, संगणक बंद करून सुरू केला, म्हणजे मला जे येतं ते सगळं केलं. पडद्यावर शुद्ध मराठीत वाक्य उमटलं: या उपकरणासाठी ड्रायव्हर उपलब्ध नाही.

काकांनी ते मोठ्यानं वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

"हे कोनाले म्हनून राह्यलं, बाई?"

"तुम्हाला नाही काका. मशीनबद्दल आहे ते."

"मी समोर बसेल हावो! जनमभर ड्रायव्हरी केली, एक अपघात नाई, एक मेमो नाई, आन् माह्या तोंडावर म्हनते ड्रायव्हर उपलब्ध नाई?"

मी समजावून सांगितलं. संगणक आणि मशीन यांच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम असतो. संगणकाचं बोलणं तो मशीनच्या भाषेत सांगतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

"म्हन्जे दुभाषा."

"हो, तसंच."

"मंग दुभाषा म्हना ना! आमचं नाव काहून खराब करता?" आणि जरा थांबून, "बरं, काल होता ना तो?"

"होता."

"मंग आज कुठी गेला? बदली केली का निलंबित केलं?"

"नव्या सिस्टीममध्ये तो चालत नाही काका. काढून टाकला."

काकांचा चेहरा खरोखर गंभीर झाला. "कारनं दाखवा नोटीस देल्ली होती त्याले?"

त्या दिवसापासून काकांचं कंपनीशी युद्ध सुरू झालं. मदतीचा एक नंबर होता. तो लावला, की आधी गाणं वाजायचं, मग एक दाबा, दोन दाबा, मग पुन्हा गाणं. काका फोन स्पीकरवर ठेवून त्या गाण्यात स्वयंपाक करायचे. एकदा मी तिथे असताना खरोखरचा माणूस लागला. एक बाई होती, आवाजानं फार गोड.

"सर, आपका डिव्हाइस बहोत पुराना है।"

"मैं भी पुराना हूँ मॅडम। पेन्शन बंद किए क्या मेरी?"

"सर, नये सिस्टम में इसका सपोर्ट नहीं है।"

"सपोर्ट कोन मंगता? वो अपने पैर पे खडा है। तुम सिरफ उसको पैचानो।"

"सर, आप नया डिव्हाइस ले लीजिए।"

काका एकदम मराठीवर आले. "बाई, बसचं इंजन बदललं तं आमी चाकं फेकून देत नाई. तुमी इंजन बदलता आन् मले म्हनता रस्ता नवा आना! नियम दाखवा!"

फोन कट झाला. काकांनी फोनकडे असं पाहिलं, जणू कोणी चालत्या, भरल्या गाडीतून उडी मारली.

ज्या कंपनीनं मशीन बनवलं होतं, ती केव्हाच बंद पडली होती. सिस्टीमवाले म्हणत, मशीनवाल्यांना विचारा. मशीनवाले कुठे आहेत, हे विचारायला कोणी नव्हतं. मीही आता चिडले होते. धडधाकट मशीन. एक स्क्रू ढिला नाही. काल चालत होतं, आज ओळखसुद्धा देत नाही, आणि सगळे एका सुरात सांगतायत की फेकून द्या. आमच्याकडे आजारी बैलालासुद्धा इतक्या सहज कोणी असं म्हणत नाही. मी शाळेतून आल्यावर संगणकासमोर बसून शोध घ्यायला लागले. तेव्हा मला कळलं, की नवी सिस्टीम बसल्यापासून काही ठरावीक दिवसांत जुन्या सिस्टीमवर परत जाण्याची सोय होती.

"मंग जाऊ ना परत," काका म्हणाले.

"ते दिवस संपले काका. परवाच."

"परवा मी काय करून राह्यलो होतो?"

परवा ते मदतीच्या नंबरवर गाणं ऐकत होते. मी सांगायच्या आधीच त्यांना आठवलं. त्या दिवशी ते "नियम दाखवा" म्हणाले नाहीत. नियम दिसला होता.

अंधशाळेतल्या त्याच शिक्षिकेनं शेवटी वाट दाखवली. अमरावतीला फरहाना नावाची एक मुलगी जुनी मशीनं दुरुस्त करते, तिच्याकडे न्या. रविवार होता. मी बरोबर गेले, कारण मशीन एकट्याला उचलेना. बसमध्ये काकांनी ते पुढच्या सीटवर खिडकीशी ठेवलं आणि आपण शेजारी बसले. कंडक्टर आला.

"काका, सामानाचं तिकीट काढा लागन."

"नियम दाखवा."

मी डोळे मिटून घेतले. कंडक्टरनं मात्र शांतपणे पिशवीतून एक चुरगळलेलं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि बोट ठेवलं. काकांनी ते वाचलं. मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"शाब्बास! बाई, पाह्यलं का? याले म्हनते कंडक्टर!"

मूर्तिजापूर येईपर्यंत ते त्याला घाटातले किस्से सांगत होते. बस थांबायला लागली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. बडनेऱ्याच्या अलीकडे बसनं खचकन ब्रेक लावला, तेव्हा "हाफ क्लच, हाफ क्लच!" असे ते इतक्या जोरात ओरडले, की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

फरहानाचं दुकान एका बोळात होतं. ती कमी बोलणारी, कपाळावर भिंग लावलेली मुलगी. तिनं मशीन उघडलं, आत फुंकर मारली, एक कळ दाबली. मशीन आपलं आपण ठकठकलं.

"काका, याला काही झालेलं नाही."

"हे मले ठाऊक हाये पोरी. हे तू त्याईले सांग!"

तिनं मागच्या फळीवरून एक पिवळा पडलेला संगणक काढला. त्यावर जुनी सिस्टीम होती, आणि मागे मशीनची ती जाड वायर बसेल अशी रुंद तोंडाची जागाही होती. "ड्रायव्हरची सीडी आहे?" तिनं विचारलं. काकांनी पिशवीतून एक, पिशवीतल्या पिशवीतून दुसरी, असं करत सीडी काढली. नव्या संगणकांना सीडीचं तोंडच नसतं. याला होतं. अर्ध्या तासात पडद्यावर वाक्य आलं, उपकरण तयार आहे, आणि मशीननं कागद ओढला. ठक ठक ठक. बोळातली माणसं दुकानात डोकावली. काका उभे होते ते खाली बसले.

"एकच सांगते काका," फरहाना म्हणाली. "याला इंटरनेट कधी लावू नका. लावलं की पुन्हा तो चौकोन येईल."

"दारातच उभा नाई करत त्याले," काका म्हणाले.

दिवाळीची सुट्टी लागली होती. त्या गुरुवारी काका म्हणाले, "चला बाई बाळापूरले. तुमच्या हातचा हिस्सा हाये त्याच्यात." मी गेले.

इस्माईलभाईंचं घर किल्ल्याच्या उताराला आहे. उंच, हाडकुळे, पांढरी दाढी. ओसरीत खाटेवर बसले होते. काकांच्या चपलांचा आवाज ऐकूनच म्हणाले, "आओ ड्रायव्हरसाब. आज गाडी सात मिन्ट लेट."

"फाट्यावर ट्रक आडवा होता. टिपून ठेवलं हाये, पुढच्या हप्त्यात येईन ते. हे घे."

काकांनी कागदांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. इस्माईलभाईंनी पहिला कागद सरळ केला आणि दोन्ही हातांची बोटं हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायला लागले. काकांना कुठला धीर. "तिसऱ्या ओळीत पाह्य. अमरावतीच्या गाडीवरचा कंडक्टर. पाह्यलं? त्यानं नियमाचं पुस्तकच काहाडलं!" इस्माईलभाई खदखदून हसले. "अरे वा! पुस्तक काहाडलं!" बोटं पुढे सरकली. "खाली त्या मदतवाल्या बाईचं लिवलं हाये." "हां, हां, आलं आलं. क्या बोली वो?" आणि काका सांगत गेले, बोटं फिरत गेली. सुनेनं चहा आणला. मला वाटलं, एवढ्या सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं.

मग परतीची गाडी वेळेवर आहे का, हे विचारायला काका स्टँडवर गेले. फोनवर विचारणं त्यांना मान्य नाही. ते उतारावरून खाली गेल्याचा अंदाज घेऊन इस्माईलभाईंनी कागद बाजूला ठेवला.

"बाई, तुमी त्याच्या शेजारी राहता ना? एक गोष्ट सांगतो, पन त्याले सांगू नका."

"नाही सांगत."

"साखरेनं पह्यले डोळे नेले. मंग बोटं नेले." त्यांनी हाताची बोटं चहाच्या गरम कपाला टेकवली आणि तशीच ठेवली. "हे पाहा. काई समजत नाई. हे टिबके मले लागतच नाईत. दोन सालापासून. तो एवढी मेहनत करते, एवढा दूरून येते. कसं सांगू? तो आपूनच बोलत जाते, मी हो म्हनत जातो."

मी त्यांचा कप हळूच बाजूला केला.

परतीच्या बसमध्ये मी काकांकडे न बघता पुढच्या सीटकडे पाहत बसले. व्याळा गाव मागे पडलं. काकांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत म्हणाले, "मी स्टँडवर गेलो तवा त्यानं तुमाले सांगतलं ना?"

"काय?" मी म्हटलं.

"नका सांगू. वचन घेतलं असन त्यानं." त्यांची नजर बाहेरच होती. "मशीन बंद होतं तवा पाच गुरुवार म्या कोरे कागद नेले, बाई. पह्यल्या गुरुवारी सांगनारच होतो, का आज काई छापलं नाई. पन सांगाच्या आधीच त्यानं बोटं फिरवली आन् म्हने, 'भास्कर, आज लय बारीक लिवलं तुवा.'"

बस एका खड्ड्यातून गेली. काकांचा पाय ब्रेकवर गेला नाही.

"मग काका," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं, तर एवढं भांडण, अमरावती, हे सगळं कशाला? कोरे कागद चाललेच असते."

ते माझ्यावर असे उखडले, की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. "कोरे कागद? म्हन्जे बिनातिकीट प्रवास करू मी? त्याले वाचता येत नाई, हे त्याचं दुखनं हाये. म्या लिवलंच नाई तं ती माही बेइमानी झाली!" मग आवाज उतरला. "आन् कागद नाई नेला तं जाऊ कोन्त्या कामानं? दोन मानसं बिनाकामाचे बसले तं काय बोलतीन, बाई? आमी कदी बोललोच नाई असे. मी पुढं, तो मागं. मंधात पूरी गाडी भरेल राहे."

अकोल्याच्या अलीकडे एका जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची लांब रांग लागली होती. काकांनी खिशातून वही काढली आणि हलत्या बसमध्ये वाकडंतिकडं काहीतरी लिहिलं.

"तेरा गाड्या मोजल्या म्या. तुमी किती मोजल्या?"

"मी नाही मोजल्या, काका."

"मंग मोजा ना बाप्पा, अजून दिसून राह्यल्या. आकडा चुकला तं तो मले..."

ते थांबले. पेन्सिल तशीच हातात राहिली. मी खिडकीकडे सरकून गाड्या मोजायला लागले.